बदली नवऱ्याची, नोंदणी माझी

फौजेत बदलीचा हुकूम आला की घरातून पहिल्यांदा बाहेर निघतात त्या काळ्या लोखंडी पेट्या. वर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, युनिट. भांडीकुंडी, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं त्यांत बसतं. बसत नाही ती बायकोची नोकरी. ती शिक्षिका असो, नर्स असो की फार्मासिस्ट. नवरा देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिची नोंदणी जुन्याच राज्यात राहते. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी, कोल्हापूरचं सैनिक टाकळी अशी घरटी फौजी असणारी गावं आपल्याकडे आहेत. त्या गावांतल्या शिकलेल्या लेकीसुनांचा हा प्रश्न आहे, आणि तो माझाही आहे.

मी कोरेगाव तालुक्यातली. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा साताऱ्यात केला, पहिली नोकरी पुण्यात. आमचे हे सिग्नल्समध्ये नायब सुभेदार. पुण्याहून झाशीला बदली झाली तेव्हा मी काम सोडलं. कोलकात्याचा हुकूम आला तेव्हा मात्र ठरवलं, आता सोडायचं नाही. पूर्व कमांडचं मुख्यालय फोर्ट विल्यममध्ये आहे. २०२४च्या अखेरीस त्याचं नाव विजय दुर्ग झालं, आपल्या कोकणातल्या किल्ल्यावरून. क्वार्टरची यादी लांबलचक, म्हणून आम्ही न्यू टाउनला ॲक्शन एरिया वनमध्ये भाड्याने घर घेतलं. ह्यांना ड्युटीला लांब पडतं, पण माझ्या कामाच्या दृष्टीने जागा चांगली. २०११ साली इथं टाटा मेडिकल सेंटर हे कर्करोग रुग्णालय सुरू झालं. आसपास इतरही मोठी रुग्णालयं आहेत आणि ईशान्येकडचे पेशंट मोठ्या संख्येने येतात. नर्सची गरज इथं कायम असते.

एका खासगी रुग्णालयात मुलाखत झाली, त्यांना मी पसंतही पडले. मग प्रश्न आला, "बंगालचं रजिस्ट्रेशन आहे?"

इथं कायदा समजून घ्यायला हवा. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७चा. त्यानुसार मान्यताप्राप्त नर्सिंगची पदविका किंवा पदवी कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी आहे. म्हणजे साताऱ्यातलं शिक्षण कोलकात्यात चालतं. पण नाव त्या राज्याच्या नोंदवहीत चढलेलं हवं, आणि नोंदवह्या राज्यागणिक वेगळ्या. महाराष्ट्राची परिषद १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालते, पश्चिम बंगालची १९३४च्या बंगाल नर्सेस ॲक्टखाली. जुन्या परिषदेकडून ना-हरकत आणि पडताळणी मिळवायची, ती नव्या परिषदेकडे पोहोचायची, मग फी, फोटो, मूळ प्रमाणपत्रं. पडताळणीचा कागद बहुतेक वेळा एका कार्यालयाकडून थेट दुसऱ्या कार्यालयाकडे जातो. उमेदवाराच्या हातात असतं ते फक्त फोन करत राहणं.

माझा कागद अडला तो नावावर. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. डिप्लोमावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. खिडकीपलीकडच्या बाबूंना ते पटेना. पहिलं नाव तेवढं एक, बाकी दोन्ही वेगळी. ही बाई तीच कशावरून? लग्नाचा दाखला मराठीत होता, त्याचं भाषांतर करून नोटरी केली. राजपत्रात नावबदल छापून घेतला. शेवटी उपयोगी पडला तो ह्यांच्या युनिटचा कागद. जवानाचं लग्न झालं की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते, त्यात बायकोचं नाव येतं. त्याची साक्षांकित प्रत जोडली तेव्हा फाइल पुढे सरकली.

तोवर रुग्णालयाने मला बिनवैद्यकीय कामावर घेतलं होतं. पेशंटच्या फाइली लावायच्या, नातेवाइकांना तपासणीच्या खोल्या दाखवायच्या. एकदा केमोच्या वॉर्डात फाइल द्यायला गेले. एका आजीच्या हाताला सलाईन लावलेल्या जागी सूज आलेली मला दारातूनच दिसली. सुई शिरेतून सरकली होती. अशा वेळी औषध आधी थांबवायचं असतं, आणि ते काम मी पुण्यात रोज केलेलं. पण हात लावायचा मला अधिकार नव्हता. मी धावत जाऊन ड्युटीवरच्या सिस्टरला बोलावलं, तिने लगेच थांबवलं. हात लावायचा नाही हा नियम बरोबरच होता. नोंदणीशिवाय कुणीही पेशंटला हात लावू नये, यावर मी ठाम आहे. माझं म्हणणं एवढंच, की जिची नोंदणी एका राज्याने तपासून दिली आहे, तिला दुसऱ्या राज्याने महिनोन्‌महिने बाहेर उभं करू नये. एका ठिकाणची पोस्टिंग साधारण दोन-तीन वर्षांची. त्यातला मोठा तुकडा कागदांत गेला, तर नोंदणी हातात येते आणि पाठोपाठ पुढचा हुकूम.

सगळ्या व्यवसायांची गत अशी नाही. वकिलांचं बघा. १९६१च्या अधिवक्ता कायद्याचं कलम १८ सांगतं, की वकिलाला एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत नाव हलवायचं असेल तर त्याने भारतीय बार कौन्सिलकडे अर्ज करावा, आणि ते नाव कोणतीही फी न घेता हलवलं जावं. शिवाय कलम ३०, जे १५ जून २०११पासून लागू झालं, वकिलाला देशभर वकिली करण्याचा हक्क देतं. डॉक्टरांसाठी ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचं पोर्टल सुरू झालं. नर्सना परिचर्या परिषदेच्या ऑनलाइन नोंदवहीत देशपातळीवरचा एकमेव क्रमांक मिळतो, त्याला एनयूआयडी म्हणतात. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्यातही राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. पाया घातलेला आहे. आता त्या क्रमांकावर दुसऱ्या राज्यातल्या टेबलावरच्या माणसाने विश्वास ठेवायला हवा.

शिक्षिकांचं दुखणं निराळं. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) २०१०पासून बंधनकारक आहे. महाराष्ट्राची टीईटी दिलेली बाई बंगालच्या सरकारी शाळेत उभी राहू शकत नाही. तिथली परीक्षा वेगळी आणि बंगालीही यायला हवी. भाषेची अट मला रास्त वाटते. मीसुद्धा "कोथाय ब्यथा?", म्हणजे कुठे दुखतंय, असं विचारायला शिकले तेव्हाच पेशंट मोकळेपणाने बोलायला लागले. म्हणून फौजी घरातल्या बी.एड. मुलींना मी सांगते, राज्याच्या परीक्षेबरोबर केंद्राची सीटीईटी द्या. ती केंद्रीय विद्यालयांत चालते आणि आता आयुष्यभर वैध असते. आर्मी पब्लिक स्कूलसाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीची वेगळी चाळणी परीक्षा असते, तीही द्यावी.

अमेरिकेत फौजींच्या बायकांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. ५ जानेवारी २०२३ रोजी तिथं संघराज्याचा कायदा झाला. लष्करी हुकुमाने नव्या राज्यात गेलेल्या जोडीदाराने हुकुमाची प्रत दाखवली, जुना परवाना निष्कलंक असला आणि गेल्या दोन वर्षांत तो वापरात असला, तर नव्या राज्याने तो मानायचा, असं त्यात तेव्हा लिहिलं होतं. तरीही टेक्सासमध्ये हवाई दलातल्या एका जवानाच्या पत्नीला, ती शाळेत समुपदेशक होती, अडवलं गेलं. ती न्यायालयात गेली, केंद्राचं न्याय खातं तिच्या बाजूने उभं राहिलं आणि त्याच वर्षी निकाल तिच्या बाजूने लागला. गंमत अशी, की त्या कायद्यातून वकील वगळले होते, आणि आपल्याकडे सगळ्यात सुटसुटीत सोय वकिलांचीच. म्हणजे अडचण व्यवसायाच्या स्वरूपात नाही. ज्यांच्यासाठी कुणी नियम लिहिला, त्यांची सोय झाली.

आपल्याकडे तसा नियम होईपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करावं. हुकूम आला त्याच आठवड्यात मूळ परिषदेकडे ना-हरकतीचा अर्ज टाका, गाव सोडल्यावर नव्हे. नोंदणीचं नूतनीकरण संपत आलं असेल तर ते आधी उरका. संपलेल्या नोंदणीवर पडताळणी अडते. एनयूआयडी नसेल तर काढून घ्या. लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, राजपत्राची प्रत आणि पार्ट टू ऑर्डरची साक्षांकित प्रत एकाच फाइलमध्ये ठेवा. कुठं मागायचं कळत नसेल तर नवऱ्याच्या युनिटच्या हेडक्लार्कला विचारा. आणि मूळ प्रमाणपत्रं पेटीत भरू नका, अंगाबरोबर न्या. पेट्या मालगाडीने मागाहून येतात.

सरकारकडे मागणं तीनच ओळींचं आहे. जोडीदाराच्या बदलीचा लष्करी हुकूम आणि चालू नोंदणी दाखवली की तीस दिवसांत तात्पुरती परवानगी मिळावी. पडताळणी परिषदांनी आपापसात राष्ट्रीय क्रमांकावरून करावी, बाईला टपालाची वाट बघायला लावू नये. आणि दुसऱ्यांदा नोंदणीची फी घेऊ नये. यात दर्जाची कुठलीही चाळणी सैल होत नाही. नर्स तीच, शिक्षण तेच, तक्रार झाली तर जबाबदारीही तीच. माझी नोंदणी झाली, आता मी वॉर्डात आहे. पण माझ्यामागून गुवाहाटी, जोधपूर, सिकंदराबादला निघालेल्या बायकांना यातूनच जावं लागणार आहे. वकिलांसाठी १९६१ साली जे एका कलमात लिहून झालं, ते नर्ससाठी लिहायला आता कुठलंही कारण आड येत नाही. ते लिहावं, आणि लवकर लिहावं.