घरातला ध्वनी, लेखांक सातवा : बेस जातो कुठे?

वर्षानुवर्षे स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर चांगले वाजणारे दोन स्पीकर होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडले, की त्यांचा बेस, म्हणजे ध्वनीतील खालच्या वारंवारतेचा भाग, एकाएकी ओसरल्यासारखा वाटतो, ही तक्रार सर्वत्र आढळते आणि तिचे खापर बहुधा रिसीव्हरच्या अपुऱ्या ताकदीवर फोडले जाते. हे निदान बहुतेक वेळा चुकते, कारण अगदी साधा रिसीव्हरही ४० हर्ट्झचा आणि १,००० हर्ट्झचा संदेश जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढवतो. ताकद कमी पडली तर आवाज मोठा करताच तो फाटतो, पण एकटा बेस निवडून गायब होत नाही. त्यामुळे बेस उणा वाटत असेल, तर तो स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधीच दुसरीकडे वळवला गेला आहे, की स्पीकरमधून निघून खोलीत खोडला गेला आहे, की त्या स्पीकरच्या आवाक्यातच तो मुळात नव्हता, हे आधी ठरवावे लागते.

यांतील पहिली शक्यता सर्वांत अधिक वेळा खरी ठरते. मागील लेखांकात आलेल्या ५.१ रचनेत पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे केवळ बेससाठी बांधलेला आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला पेटीवजा स्पीकर, असे गृहीत धरलेले असते. म्हणून रिसीव्हरमध्ये बेसची वाटणी करणारी एक यंत्रणा असते, जिला बेस मॅनेजमेंट म्हणतात. सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरपुढे ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’ अशी नोंद असते आणि तिचा पेटीच्या आकारमानाशी थेट संबंध नसतो: ‘लार्ज’ म्हणजे त्या स्पीकरकडे पूर्ण पट्टा पाठवावा, आणि ‘स्मॉल’ म्हणजे एका ठरावीक वारंवारतेखालचा भाग त्याच्याकडून काढून सबवूफरकडे द्यावा. या वारंवारतेला क्रॉसओव्हर म्हणतात. ती पुष्कळदा ८० हर्ट्झवर ठेवलेली असते आणि तिच्याखाली स्पीकरकडे जाणारा संदेश दर सप्तकाला साधारण १२ डेसिबल या उताराने घटत जातो, म्हणजे ४० हर्ट्झवर फारच थोडे शिल्लक राहते. बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, हे लक्षात घेतले की गायकाचा आवाज आणि बासरी जशीच्या तशी राहून साथीतला भरीवपणा तेवढा कसा नाहीसा होतो, ते कळते.

आता स्पीकर ‘स्मॉल’ आहेत, सबवूफर ‘यस’ आहे आणि प्रत्यक्षात सबवूफर घरात नाहीच, अशी स्थिती असेल, तर काढून घेतलेला सगळा बेस रिसीव्हरच्या मागील रिकाम्या सॉकेटवर जाऊन संपतो. रिसीव्हर यात कोणतीही चूक करत नसतो. त्याला जे सांगितले आहे तेच तो करतो. उपाय असा, की सबवूफरची नोंद ‘नन’ किंवा ‘नो’ करावी. डेनॉन, यामाहा यांसारख्या कंपन्यांच्या रिसीव्हरांत असे करताच पुढचे दोन्ही स्पीकर आपोआप ‘लार्ज’ होतात, कारण बेस पाठवायला दुसरी जागाच उरत नाही. जेथे सबवूफर आहे, पण तो बंद पडलेला आहे, त्याची वायर निघालेली आहे किंवा त्याची पातळी तळाला नेलेली आहे, तेथेही परिणाम हाच होतो. लहान स्पीकरांच्या जुन्या संचासाठी क्रॉसओव्हर कधीतरी १५० हर्ट्झवर नेलेला असतो आणि मोठे स्पीकर आल्यावरही तो तसाच राहतो. तेव्हा डग्ग्याचा घुमारा तर जातोच, पुरुषी आवाजाचा तळही पातळ होतो.

तपासणीची एक सोपी वाट म्हणजे ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ ही बटणे, कारण पुष्कळ रिसीव्हरांत ती दाबली की स्टिरिओ संदेश मधली प्रक्रिया टाळून सरळ अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. बेस परत आला, तर दोष सेटिंगमध्ये आहे हे सिद्ध होते. न आल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण काही रिसीव्हर या स्थितीतही बेसची वाटणी चालूच ठेवतात.

चित्रपटांच्या बाबतीत आणखी एक गळती संभवते. ५.१ मधील ‘.१’ म्हणजे स्फोट, गडगडाट अशा परिणामांसाठी राखलेली, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचीच वाहिनी, जिला एलएफई म्हणतात. टीव्ही किंवा प्लेअर स्वतःच सहा वाहिन्यांचे दोन वाहिन्यांत रूपांतर करून पाठवत असेल, तर त्या रूपांतरात ही वाहिनी सामान्यतः वगळली जाते. म्हणून टीव्हीचा ध्वनी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’वर ठेवून रूपांतराचे काम रिसीव्हरवर सोपवणे इष्ट, आपल्याला कोणते स्पीकर जोडले आहेत हे निदान त्याला माहीत असते. निव्वळ संगीताच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात एलएफई नसतेच, त्यामुळे गाणी ठीक वाजत असताना चित्रपटच पोकळ वाटत असेल, तर संशय येथे घ्यावा.

‘जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेस जास्त होता’ ही आठवण पुष्कळदा खरी असते, पण तिचे कारण वेगळे असते. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की आवाजाची पातळी उतरत गेली की मानवी कान खालच्या वारंवारतांना मधल्या वारंवारतांपेक्षा फार अधिक प्रमाणात बहिरा होत जातो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांवरील ‘लाउडनेस’ हे बटण हीच उणीव भरून काढण्यासाठी, हळू आवाजात बेस वाढवून देत असे, आणि ते कायम दाबलेलेच असे. नव्या रिसीव्हरांतून ते बहुतांशी गेले. त्याचे काम ऑडिसीच्या ‘डायनॅमिक ईक्यू’सारख्या सोयी करतात, ज्या आधी रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने खोलीची मोजणी केल्यावाचून चालू होत नाहीत, आणि ही मोजणी अनेक घरांत कधी झालेलीच नसते. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला जाणवणारी उणीव बरीचशी कानाची असते.

दुसरी शक्यता, म्हणजे बेस निघतो पण हवेत खोडला जातो, तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे उलटी जोडलेली वायर. स्पीकरला लाल आणि काळे अशी दोन टर्मिनले असतात. एका स्पीकरच्या बाबतीत ती अदलाबदल झाली, तर एकाचा कोन, म्हणजे आवाज निर्माण करणारा शंकूसारखा पडदा, बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि एकाने दाबलेली हवा दुसरा सैल करतो. हा घात बेसवरच का होतो, याचे उत्तर तरंगलांबीत आहे. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटरांहून लांब असते, आणि तिच्या तुलनेत दोन मीटर अंतरावरचे दोन स्पीकर जवळजवळ एकाच ठिकाणी असल्यासारखे वागतात, म्हणून त्यांच्या विरुद्ध लहरी एकमेकींना पुसून टाकतात. २,००० हर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटरांची असल्याने तिच्याबाबत ही नेमकी गाठ पडत नाही आणि तार आवाज शाबूत राहतो. त्यातच बहुतेक ध्वनिमुद्रणांत बेस दोन्ही वाहिन्यांत सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे पुसले जाण्यासारखे सर्वांत जास्त तेथेच असते.

याची परीक्षा विनाखर्चाची आहे. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेऊन एकच स्पीकर ऐकावा. दोन स्पीकरांपेक्षा एकट्यातून बेस जास्त येत असेल, तर वायर उलटी आहे, यात शंका ठेवण्याचे कारण नाही. गायकाचा आवाज दोहोंच्या मधोमध उभा न राहता खोलीभर पांगलेला वाटणे, ही दुसरी खूण. भिंतीतून नेलेल्या वायरींचे रंग पटत नसतील, तर रिसीव्हरपासून सोडवलेल्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन कोणत्या दिशेला हलतो ते पाहावे. सेलचे धन टोक लाल टर्मिनलच्या वायरीला असताना दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत.

काही स्पीकरांना मागे चार टर्मिनले असतात, वरची जोडी ट्वीटरसाठी, म्हणजे तार आवाजाच्या घटकासाठी, आणि खालची वूफरसाठी. या जोड्यांना सांधणारी धातूची पट्टी काढून टाकून वायर फक्त वरच्या जोडीला लावली, तर वूफर मुकाच राहतो. महागड्या वायरींनी मात्र बेस वाढत नाही. नेहमीच्या खोलीतील अंतराला साधी, पुरेशी जाड तांब्याची वायर पुरते.

खोलीचा प्रश्न अधिक चिवट आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लहर मागेपुढे आदळून काही वारंवारतांना स्थिर लहरी तयार होतात, आणि त्यांतील सर्वांत खालची वारंवारता वेगाला अंतराच्या दुपटीने भागून मिळते; १० बाय १२ फुटांच्या खोलीत ती अनुक्रमे सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झ येते. या दोन्ही स्थिर लहरींचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो, म्हणजे खोलीच्या मधोमध मांडलेली खुर्ची बेससाठी सर्वांत वाईट जागी असते. बेस गिटारचे संथ वादन लावून खोलीत फिरावे. कोपऱ्यात आवाज घुमत असेल आणि खुर्चीवर विरत असेल, तर स्पीकर निर्दोष आहेत आणि खुर्ची फूट-दोन फूट मागे नेणे हाच इलाज आहे. येथे बेसचे बटण वाढवून उपयोग होत नाही, कारण मूळ लहरीबरोबर तिला खोडणारी परतीची लहरही तितकीच वाढते. स्पीकरच्या मागची भिंतही अशीच आडवी येते: भिंत एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या सुमारास खळगा पडतो, तर स्पीकर भिंतीजवळ सरकवल्यास तो खळगा वरच्या वारंवारतेकडे जातो आणि भिंतीच्या आधाराने तळाचा बेस भरतो. पेटीला मागे भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर वीतभर जागा मात्र सोडावी.

एवढे करूनही तळ लागत नसेल, तर तिसरी शक्यता मान्य करावी लागते. तितक्याच मोठ्या आवाजासाठी वारंवारता निम्मी झाली की कोनाला चौपट हलावे लागते, म्हणजे ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलला पाहिजे, आणि पाच इंची वूफरला हे फार काळ झेपत नाही. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉफमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार लहान पेटी, खोल बेस आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणतीही एक सोडावी लागते. बेसचे बटण ६ डेसिबलने चढवणे म्हणजे त्या भागात अ‍ॅम्प्लिफायरकडून चौपट शक्ती मागणे, आणि लहान स्पीकरला ती देणे म्हणजे त्याची कॉइल जाळण्याची तयारी करणे. जुन्या स्पीकरांत कोनाच्या कडेची फोमची पट्टी दमट हवेत, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, काही वर्षांनी कुजून तुटते. जाळी काढून ती बोटाने अलगद तपासावी, कारण पट्टी बदलण्याचा खर्च नव्या स्पीकरांपेक्षा पुष्कळ कमी असतो.

पट्टी धड असेल, वायरी सरळ असतील आणि सेटिंगही बरोबर असेल, तर मोठा रिसीव्हर घेणे व्यर्थ आहे. घ्यायचा तो सबवूफर. तो आल्यावर मात्र पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवावा, म्हणजे सुरुवातीला बेस हिरावून घेणारी तीच यंत्रणा या वेळी लहान वूफरचा भार हलका करील. सबवूफर खोलीत कोठे ठेवावा, याचा विचार पुढील लेखांकात होईल.