खोल समुद्रातील शार्क : तेलावर तरंगणारे शरीर

प्रास्ताविक

प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात कास्थिमत्स्यांची ओळख तुम्हाला झालेलीच आहे. शार्क, पाकट आणि कायमेरा हे या वर्गातले तीन परिचित गट. यांच्या शरीरात हाडे नसतात, सांगाडा कास्थीचा असतो. कोकणच्या बाजारात दिसणारी मुशी किंवा पाकट उथळ पाण्यातली असतात. त्यामुळे शार्क म्हणजे किनाऱ्याजवळचा किंवा पृष्ठभागाजवळचा प्राणी अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात कास्थिमत्स्यांच्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती २०० मीटरपेक्षा खोल पाण्यात राहतात. तिथे सूर्यप्रकाश जवळपास नसतो, पाणी थंड असते, अन्न विरळ असते आणि दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरणाने वाढत जातो.

या पाठात आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधू. हे प्राणी खोल पाण्यात बुडून न जाता कसे तरंगतात? सुमारे ३,००० मीटरच्या खाली शार्क जवळपास का सापडत नाहीत? आणि मासेमारीचा फटका त्यांना इतका जबर का बसतो? तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि तिन्हींचा धागा यकृतापाशी येतो.

१. वाताशयाऐवजी यकृत

स्नायू आणि त्वचा समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतात. बहुतेक अस्थिमत्स्य हा फरक वाताशय नावाच्या वायूच्या पिशवीने भरून काढतात. पण वायू दाबाखाली आकसतो. १,००० मीटर खोलीवर दाब सुमारे १०० वातावरण असतो. पृष्ठभागावर भरलेली पिशवी तिथे नेली, तर बॉइलच्या नियमानुसार तिचे आकारमान साधारण शंभराव्या भागावर येईल. शार्कला वाताशय नसतो. त्याऐवजी त्याच्या यकृतात तेल साठलेले असते आणि तेल दाबाने फारसे आकसत नाही.

खोल पाण्यातील अनेक शार्कच्या यकृतातील तेलात स्क्वॅलीन हा हायड्रोकार्बन भरपूर असतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शार्कच्या तेलातून वेगळा केला. त्याचे रेणुसूत्र कार्बन ३० आणि हायड्रोजन ५० असे आहे. घनता प्रति मिलिलिटर सुमारे ०.८६ ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२६ ग्रॅम.

आता एक साधे गणित करून पाहा. समजा, तेल सोडून शार्कच्या उरलेल्या शरीराचे वस्तुमान १० किलो आणि सरासरी घनता १.०७ आहे. हे शरीर सुमारे ९.३५ लिटर जागा व्यापते, म्हणजे सुमारे ९.५९ किलो पाणी बाजूला सारते. तूट आली ०.४१ किलोची. एक किलो स्क्वॅलीन सुमारे १.१९ किलो पाणी बाजूला सारते, म्हणजे ०.१९ किलो उचल देते. तूट भरायला सुमारे २.१ किलो तेल लागेल. एकूण वजनाच्या १७ ते १८ टक्के वजन नुसत्या तेलाचे झाले! यातील घनता आपण गृहीत धरली आहे. तरीही उत्तर वास्तवापासून दूर नाही, कारण खोल पाण्यातील काही शार्कमध्ये यकृत शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक भरते.

तेल तयार करायला ऊर्जा लागते आणि ही ऊर्जा अन्नातूनच येते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

२. दाब, युरिया आणि टीएमएओ

समुद्रात राहणाऱ्या प्राण्यापुढे परासरणाचा प्रश्न असतो. सागरी शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात आणि शरीरातील द्रवाची परासरणी तीव्रता समुद्राच्या पाण्याइतकी किंवा किंचित जास्त राखतात. पण युरिया प्रथिनांची घडी बिघडवतो. त्यावर उतारा म्हणून शार्कच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड, म्हणजेच टीएमएओ, हा पदार्थ असतो. तो प्रथिनांना स्थिर ठेवतो. उथळ पाण्यातील शार्कमध्ये युरिया आणि टीएमएओ यांचे प्रमाण साधारण २:१ असते.

पाण्याचा दाबही प्रथिनांच्या कार्यात अडथळा आणतो आणि टीएमएओ त्याचाही प्रतिकार करतो. म्हणून खोली वाढत जाते तसे कास्थिमत्स्यांच्या स्नायूंतील टीएमएओ वाढते आणि युरिया कमी होतो. एकूण बेरीज मात्र समुद्राच्या पाण्याशी बांधलेली असल्याने मनमानी वाढवता येत नाही. युरिया घटवण्याला मर्यादा आहे, म्हणून टीएमएओ वाढवण्यालाही मर्यादा येते.

सुमारे ३,००० मीटरच्या खाली शार्क जवळपास नसण्याचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. दुसरे कारण अन्नाचे. खोल सागरी मैदानांवर वरून झिरपत येणारे अन्न इतके तुटपुंजे असते, की तेलाने भरलेले मोठे यकृत पोसणे परवडत नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी नाहीत. २००६ मध्ये इमंट्स प्रीड आणि सहकाऱ्यांनी या अनुपस्थितीकडे लक्ष वेधले. महासागरांचा सुमारे ७० टक्के भाग शार्कला बंद आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

३. अंधारातले जगणे

गॉब्लिन शार्क : याचा वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला नसतो. भक्ष्य जवळ येताच दोन्ही जबडे गलोलीसारखे पुढे झेपावतात. चित्रीकरणावरून त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर इतका मोजला गेला आहे. याच्या लांब, चपट्या नाकाडावर लॉरेंझिनीच्या कुप्या असतात. भक्ष्याच्या स्नायूंतून निर्माण होणारे अतिसूक्ष्म विद्युत क्षेत्र त्या टिपतात.

कायमेरा : शार्कचा हा दूरचा नातेवाईक. याचा वरचा जबडा कवटीशी एकजीव झालेला असतो. दात सतत पडून नवे येण्याऐवजी त्याला दातांच्या कायमस्वरूपी पट्ट्या असतात आणि कल्ल्यांवर एकच झाकण असते. नराच्या कपाळावर मीलनाच्या वेळी मादीला धरण्यासाठी एक आकडीसारखा अवयव असतो. भारताच्या नैर्ऋत्येला अरबी समुद्रातही लांब नाकाडाचा कायमेरा सापडतो.

लँटर्न शार्क : यांच्या पोटावर सूक्ष्म दीप्तिअवयव असतात. वरून येणाऱ्या मंद निळ्या प्रकाशाइतकाच प्रकाश पोटातून सोडला, की खालून पाहणाऱ्याला सावली दिसत नाही. अनेक अस्थिमत्स्यांत अशी जीवदीप्ती चेतासंस्थेच्या ताब्यात असते. लँटर्न शार्कमध्ये मात्र मेलाटोनिन, प्रोलॅक्टिन यांसारखी संप्रेरके ती नियंत्रित करतात. २०२० मध्ये न्यूझीलंडजवळ काइटफिन शार्कही प्रकाशमान असल्याचे नोंदले गेले. सुमारे १८० सेंटिमीटर लांबीपर्यंत वाढणारा हा शार्क ज्ञात प्रकाशमान पृष्ठवंशीयांमध्ये सर्वांत मोठा आहे.

४. संथ आयुष्य

थंड पाणी आणि विरळ अन्न यांमुळे वाढ मंद होते. याचे ठळक उदाहरण म्हणजे उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिक समुद्रातील ग्रीनलंड शार्क. त्याच्या मणक्यांवर वय मोजता येईल अशी कडक वलये नसतात. म्हणून २०१६ मध्ये संशोधकांनी २८ माद्यांच्या नेत्रभिंगाच्या गाभ्यातील कार्बन-१४ तपासला. हा गाभा जन्मापूर्वीच तयार होतो आणि नंतर बदलत नाही. ५.०२ मीटर लांबीच्या सर्वांत मोठ्या मादीचे वय ३९२ वर्षे, अधिक-उणे १२० वर्षे, असे निघाले. म्हणजे कमीत कमी अंदाज धरला तरी २७२ वर्षे. लैंगिक परिपक्वता सुमारे १५० वर्षांनी येते, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

सगळ्याच जाती इतक्या दीर्घायुषी नसतात. पण उशिरा प्रौढ होणे आणि मोजकी पिल्ले देणे हे लक्षण बहुतेकांत आढळते. गल्पर शार्कच्या काही जातींत सुमारे दोन वर्षांच्या गर्भकाळानंतर एक किंवा दोनच पिल्ले होतात. झालरदार शार्कचा गर्भकाळ साडेतीन वर्षांपर्यंत असावा, असा अंदाज आहे.

५. तेलाची किंमत

ज्या तेलावर हे प्राणी तरंगतात, त्याच तेलासाठी ते पकडले जातात. स्क्वॅलीन आणि त्यापासून बनणारे स्क्वॅलेन सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. काही लसींमध्येही स्क्वॅलीन असते.

आता खोलीची मर्यादा पुन्हा आठवा. शार्क ३,००० मीटरच्या खाली जवळपास सापडत नाहीत आणि बहुतेक जाती खंडान्त उतारावर, त्याहून बऱ्याच वर राहतात. आजची जाळी आणि गळांच्या लांब दोऱ्या नेमक्या तिथपर्यंत पोहोचतात. माणसापासून लपायला त्यांना आणखी खोल जागा उरत नाही.

मालदीवमध्ये १९८० च्या दशकात यकृततेलासाठी गल्पर शार्कची मासेमारी झपाट्याने वाढली आणि काही वर्षांतच कोसळली. पुढे २०१० मध्ये त्या देशाने शार्कच्या मासेमारीवर सरसकट बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर १९७६-७७ आणि १९९६-९७ मध्ये त्याच भागांत सर्वेक्षण झाले. त्या वीस वर्षांत गल्पर शार्क ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार, खोल पाण्यातील शार्क आणि पाकटांच्या दर सात जातींपैकी एक नष्ट होण्याच्या धोक्यात आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. कोची बंदरात गल्पर आणि ब्रॅम्बल शार्क उतरवले जातात. कन्याकुमारी जिल्ह्यातील थूथूर परिसरातले मच्छीमार खोल समुद्रातील शार्क पकडण्यात निष्णात मानले जातात. त्यांच्या घरचा चरितार्थ याच कामावर चालतो, म्हणून नुसती बंदी सुचवून विषय संपत नाही. पण ज्या जातीची मादी दोन वर्षांतून एखादेच पिल्लू देते, तिची घट भरून निघायला दशके लागतात, हे जीवशास्त्र कोणत्याही धोरणाला टाळता येत नाही. दुसऱ्या बाजूने मागणी कमी करता येते. स्क्वॅलीन ऑलिव्हच्या तेलातून मिळते आणि उसाच्या साखरेपासून किण्वनाने तयार केलेल्या पदार्थातून स्क्वॅलेनही बनवता येते.

लक्षात ठेवा

• वाताशयाऐवजी स्क्वॅलीनयुक्त यकृत शार्कला प्लावकता देते.
• खोलीबरोबर टीएमएओ वाढते, युरिया घटतो आणि या देवाणघेवाणीला मर्यादा आहे.
• अन्नाची टंचाई आणि टीएमएओची मर्यादा ही खोलीच्या सीमेची संभाव्य कारणे आहेत.
• मंद वाढ आणि मोजकी पिल्ले यांमुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

स्वाध्याय

१. वरील गणितात शरीराची घनता १.०६ धरली, तर किती किलो तेल लागेल? थोड्याशा फरकाने उत्तर इतके का बदलते?
२. ग्रीनलंड शार्कचे वय ठरवताना नेत्रभिंगाचा गाभाच का निवडला?
३. दरवर्षी लाखो अंडी घालणारा मासा आणि गल्पर शार्क यांच्यासाठी मासेमारीची एकच मर्यादा ठेवली, तर काय होईल? कारणे देऊन लिहा.