काजऱ्याची बी आणि नक्स व्होमिकाच्या गोळ्या

मैत्रिणींनो, कोकणात ज्याला काजरा म्हणतात आणि विदर्भात कुचला, ते झाड आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे. फळ पिकलं की नारिंगी दिसतं. आतल्या बिया चपट्या, गोल, राखाडी, हाताला मखमलीसारख्या लागतात. रानातून गोळा केलेल्या या बिया व्यापारी विकत घेतात.

याच बीपासून होमिओपॅथीचं ‘नक्स व्होमिका’ हे औषध बनतं. अपचन, बद्धकोष्ठ, आम्लपित्त अशा तक्रारींवर ते देतात. त्यामुळे काही जणी म्हणतात, “गोळ्या चालतात, मग घरी बी उगाळून द्यायला काय हरकत?” हरकत मोठी आहे!

बीमध्ये स्ट्रिक्नीन नावाचं जहर असतं. गोळ्यांसाठी बीच्या अर्काचा १ भाग ९९ भाग पाणी-अल्कोहोलमध्ये मिसळतात. त्यातला १ भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत, असं ३० वेळा केलं की बाटलीवर ‘३०’ लिहितात. एवढ्या वेळा पातळ केल्यावर जहर जवळजवळ उरतच नाही. मात्र औषधही उरत नाही, असं बरेच शास्त्रज्ञ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली अभ्यास तपासले, तेव्हा कुठल्याच आजारावर होमिओपॅथीचा खात्रीलायक गुण दिसला नाही. म्हणून दुखणं अंगावर काढू नका, दवाखान्यात दाखवा.

‘मदर टिंक्चर’ म्हणजे मूळ अर्क. तो असा पातळ केलेला नसतो, त्यात जहर असतं. तो मनाने घ्यायचा नाही. आयुर्वेदातही कुचला शुद्ध करूनच वापरतात आणि अशा औषधावर ‘वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. घरी बी दुधात उकळली म्हणजे ती शुद्ध झाली, असं समजू नका.

जहर पोटात गेलं तर बहुधा तासाभरात अंग ताठतं, जबडा आवळतो, पाठ कमानीसारखी वाकते, झटके येतात. माणूस शुद्धीवर असतो आणि नुसत्या आवाजाने, स्पर्शाने झटका वाढतो. श्वास अडकून जीव जातो.

अशा वेळी:
• लगेच १०८ ला फोन करा. झटक्यांची वाट बघू नका.
• उलटी करवू नका. तोंडात दूध, तूप, पाणी घालू नका.
• माणसाला शांत, कमी उजेडाच्या जागी ठेवा. गर्दी, आरडाओरडा नको.
• उरलेली बी किंवा बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

बिया वाळत घालताना पोरं आणि गुरं लांब ठेवा. काम झालं की हात साबणाने धुवा. स्वयंपाकाच्या पाट्या-वरवंट्यावर ही बी कधीच वाटू नका. बियांचं पोतं धान्याजवळ न ठेवता वेगळं, कुलपात ठेवा.

येत्या गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवा. बिया वेचणाऱ्या ताईंच्या घरी आवर्जून सांगा.