वेशीबाहेरचे कँटरबरी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडला जाऊन आलेली माणसे कँटरबरीचे नाव घेतात ते तिथल्या कॅथीड्रलसाठी. लंडनहून सकाळी निघायचे, कॅथीड्रल पाहायचे, छायाचित्रे काढायची आणि संध्याकाळी परतायचे, असा साधारण बेत असतो. माझी भाची तिथल्या विद्यापीठात शिकत होती, त्यामुळे मला चांगले आठ दिवस राहायला मिळाले. कॅथीड्रल पहिल्या दोन दिवसांतच पाहून झाले. उरलेले दिवस मी वेशीबाहेर हिंडण्यात घालवले, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आपल्याकडे ‘वेशीबाहेर’ या शब्दाला एक कडवट अर्थ आहे. गावाला जे आत नको असते, ते वेशीबाहेर. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही फार वेगळे नव्हते. तटबंदीच्या आत जागा कमी आणि नियम फार. म्हणून महारोग्यांची वसती बाहेर, गुरांचे बाजार बाहेर, उशिरा पोचलेल्या वाटसरूंच्या खाणावळी बाहेर. अशा वस्तीचे पुढे उपनगर होते. पण गंमत पाहा, युनेस्कोने १९८८ साली कँटरबरीतल्या ज्या तीन वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांतली एकटे कॅथीड्रल तटाच्या आत आहे. सेंट ऑगस्टीनचा मठ आणि सेंट मार्टिनचे छोटेसे चर्च, दोन्ही पूर्वेच्या तटाबाहेर. मठ बाहेर बांधला याचे कारण साधे होते. राजे आणि आर्चबिशप यांना तिथे पुरायचे होते, आणि गावाच्या आत प्रेत पुरायचे नाही हा जुना रोमन रिवाज अजून पाळला जात होता.

पण मला सर्वांत आवडले ते पश्चिमेकडचे उपनगर, सेंट डन्स्टन्स. लंडनहून येणारा जुना रस्ता आधी हार्बलडाउनच्या टेकडीवर चढतो, तिथून उतरून या उपनगरातून जातो आणि वेस्टगेट नावाच्या वेशीपाशी थांबतो. ही वेस १३८० च्या सुमारास बांधली गेली. फ्रेंचांशी युद्ध चालू होते, हल्ल्याची भीती होती. दोन गोल बुरूज, मध्ये कमान, उंची सुमारे १८ मीटर. बांधणारा आर्चबिशप सायमन सडबरी याला १३८१ च्या शेतकरी बंडात लोकांनी ठार केले, पण त्याची वेस उभी राहिली. गावाच्या बाकीच्या वेशी पुढे रस्ते रुंद करण्याच्या हौसेत पाडल्या गेल्या. ही वाचली, कारण तिच्यात तुरुंग होता. कुलूपबंद कैद्यांनी एक ऐतिहासिक वास्तू राखली म्हणायची!

रात्री वेस बंद होई. मग उशिरा आलेल्या यात्रेकरूने जायचे कुठे? म्हणून बाहेरच्या रस्त्यावर खाणावळी आणि मुक्कामाची घरे झाली. आजही त्या रस्त्यावर लाकडी चौकटीची, वरचा मजला पुढे झुकलेली जुनी घरे आहेत.

यात्रेकरू येत ते थॉमस बेकेटच्या समाधीला. बेकेट हा कँटरबरीचा आर्चबिशप. राजा दुसरा हेन्री याच्याशी त्याचे बिनसले आणि २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी त्याला कॅथीड्रलमध्येच कापून काढले. ११७३ साली पोपने त्याला संत ठरवले. ज्याच्या रागामुळे खून झाला, त्या राजाची अवस्था काय झाली असेल, कल्पना करा. त्याचे मुलगेच त्याच्याविरुद्ध बंड करून उठले होते. १२ जुलै ११७४ रोजी हेन्री कँटरबरीला आला. सेंट डन्स्टन्सच्या चर्चपाशी त्याने राजवस्त्रे उतरवली, जाडेभरडे अंगावर घेतले आणि तिथून अनवाणी कॅथीड्रलपर्यंत चालत गेला. तिथे त्याने भिक्षूंच्या हातून पाठीवर फटके घेतले आणि रात्र समाधीपाशी काढली. मी तेवढीच वाट चालून पाहिली. चर्चपासून वेशीपर्यंत सात-आठ मिनिटे लागतात. पायांत बूट असूनही राजाच्या त्या पायांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता याच चर्चमधली दुसरी गोष्ट ऐका. साडेतीनशे वर्षे उलटली. गादीवर आठवा हेन्री होता. ‘युटोपिया’ लिहिणारा थॉमस मोर हा एके काळी त्याचा चान्सलर. राजा स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणवू लागला, मोरने ते मान्य करायला नकार दिला. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला आणि शीर लंडन ब्रिजवर खांबावर लावले गेले. त्याची थोरली मुलगी मार्गारेट फार शिकलेली होती. इरॅस्मसच्या एका लॅटिन पुस्तकाचा तिने केलेला इंग्रजी अनुवाद छापलाही गेला होता. तिने वडिलांचे शीर मिळवले. पहारेकऱ्याला पैसे देऊन, असे परंपरा सांगते. राजाने ज्याला देशद्रोही ठरवले, त्याचे शीर जवळ बाळगणे म्हणजे स्वतःच्या मानेशी खेळ. पण तिने ते जपले. तिचा नवरा विल्यम रोपर याचे घराणे सेंट डन्स्टन्सचे, म्हणून शेवटी ते शीर या चर्चमधल्या रोपर घराण्याच्या तळघरात आले.

तिथे पाहण्यासारखे काय आहे? खरे तर काहीच नाही. जमिनीत एक शिळा बसवली आहे, तिच्याखाली बंद तळघर. चर्चमध्ये फुले मांडणाऱ्या एका वयस्कर बाईंनी मला ती दाखवली आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. रस्त्यापलीकडे रोपर घराण्याच्या वाड्याचे विटांचे प्रवेशद्वार तेवढे उरले आहे, वाडा गेला. पहिल्या थॉमसपुढे एक हेन्री नमला, दुसऱ्या थॉमसचे डोके दुसऱ्या हेन्रीने उडवले, आणि १५३८ साली पहिल्या थॉमसची समाधीही त्यानेच उद्ध्वस्त केली. या दोन्ही गोष्टी एका साध्या, वेशीबाहेरच्या चर्चला येऊन मिळतात.

हार्बलडाउनला मी चालतच गेले. आर्चबिशप लॅनफ्रॅंकने १०८४ च्या सुमारास तिथे महारोग्यांसाठी आश्रम काढला. जागा विचारपूर्वक निवडलेली होती, गावापासून दूर पण यात्रेकरूंच्या वाटेवर, म्हणजे भिक्षा मिळेल. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इरॅस्मस या वाटेने गेला, तेव्हा आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी बेकेटच्या जोड्याचा तुकडा चुंबनासाठी पुढे केला होता, असे त्याने लिहिले आहे. महारोग गेला, यात्रा बंद पडली, पण आश्रम चालू आहे. तिथे आज वृद्ध माणसे राहतात.

आणि रेल्वे? तीही वेशीबाहेरच. ३ मे १८३० रोजी कँटरबरी ते व्हिटस्टेबल बंदर अशी सुमारे १० किलोमीटरची गाडी सुरू झाली. चढावर गाडी दोराने ओढली जाई, सपाटीवर ‘इन्व्हिक्टा’ नावाचे इंजिन लागे. हे इंजिन रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यातले. हाच स्टीफन्सन पुढे आपल्या मुंबई-ठाणे रेल्वेच्या कंपनीचा सल्लागार अभियंता होता. तो मार्ग १९५२ साली बंद झाला. आज त्याच्या काही भागावर लोक सायकली चालवतात. पण १८४६ साली आलेली दुसरी रेल्वे अजून धावते आणि सेंट डन्स्टन्सच्या रस्त्याला फाटकाने अडवते. वेस आता रात्री बंद होत नाही, रेल्वेचे फाटक मात्र दिवसातून अनेकदा बंद होते.

खरी चिंता वाहनांची आहे. बस आणि मोटारी सहाशे वर्षांच्या कमानीखालून अंग चोरून जातात. २०१२ साली नगरपालिकेने कमानीखालची वाहतूक बंद करून पाहिली. वाहने शेजारच्या गल्ल्यांत शिरली, रहिवासी आणि दुकानदार चिडले, आणि वर्षभरात प्रयोग गुंडाळला गेला. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटले. दगडाला धूर लागतो हे खरे, आणि ज्यांच्या खिडकीखाली रांग लागते त्यांनाही श्वास घ्यायचा असतो हेही खरे.

कॅथीड्रलला राखणारे पुष्कळ आहेत. तिथे तिकीट आहे, मार्गदर्शक आहेत, जगभरातून पैसा येतो. उपनगराचा वारसा राखतात ती तिथे राहणारी माणसे. चर्चमध्ये फुले मांडणाऱ्या बाई, आश्रमात राहणारे वृद्ध, झुकलेल्या घरात दुकान चालवणारे लोक. ही वस्ती वापरात आहे म्हणून टिकली. कधी कँटरबरीला गेलात, तर कॅथीड्रल पाहून झाल्यावर दोन तास हाताशी ठेवा, वेस्टगेटमधून बाहेर पडा आणि लंडनच्या रस्त्याने चालू लागा.