पुढच्या कमानीची खटखट: शहादा ते तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला निघालं की पन्नास-पंचावन्न किलोमीटरांत गाडी तापीकाठच्या काळ्या सपाटीवरून सुमारे 1,150 मीटर उंचीवर पोहोचते. चढताना कस लागतो इंजिनाचा, तो सगळ्यांना ऐकू येतो. उतरताना कस लागतो पुढच्या चाकांचा. ब्रेक दाबला की भार पुढे येतो, वळणावर तोच भार एका बाजूच्या कमानीवर कलतो, आणि नेमका तिथेच खड्डा असला तर पिन, बुश, बोल्ट सगळ्यांना एकदम मार बसतो. कमांडर, एमएम 540, ट्रॅक्स, जिप्सी... डोंगरात झिजलेल्या या गाड्यांच्या पुढच्या अंगात केवढ्या गमती दडल्या आहेत पाहा.

आधी घोडा, मग जीप
सारंगखेडा शहादा तालुक्यातलंच. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरचे शौकीन येतात. जीपच्या कमानीचं घराणंही घोडागाडीचंच. लंडनच्या ओबादाया इलियटने 1804 मध्ये घोडागाडीसाठी पोलादी पाट्यांच्या कमानीचं पेटंट घेतलं. पुढे 1941 पासून युद्धासाठी बनलेली विलिस जीप पाट्यांवरच धावली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पाटे आपल्या रस्त्यांवर आले. मारुतीची जिप्सी 1985 मध्ये आली. तिने तर तीस वर्षांहून अधिक काळ चारही चाकांना पाटेच ठेवले.

दाबली की लांबते
कमानीवर वजन आलं की तिचा बाक उतरतो आणि टोकं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही टोकं चॅसीला पक्की बांधली तर तिला पसरायला जागाच उरणार नाही. म्हणून एक टोक पिनेवर अडकवतात आणि दुसरं झुलत्या शॅकलवर. विलिसच्या वंशातल्या जीपमध्ये पुढच्या कमानीची शॅकल बंपरच्या बाजूला असते. वाकून पाहा, लगेच दिसेल. खड्ड्यात ‘खट्’ असा आवाज येत असेल तर पहिला संशय तिथल्या बुशवर घ्यावा. पहारीने हलकेच उचकून पाहिलं की खरं-खोटं कळतं.

उलटे आटे
युद्धकाळातल्या विलिसच्या शॅकल इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या आणि आट्यांच्या असत. त्यांतल्या काहींना मुद्दाम उलटे आटे पाडलेले असत आणि ओळखीसाठी शॅकलवर एक छोटासा उंचवटा ठेवलेला असे. तो उंचवटा न पाहता नेहमीच्या दिशेने पाना फिरवला तर सुटायचं राहिलं बाजूला, शॅकल आणखी घट्ट होते आणि आटे जातात. जुन्या मूळ जीपचं काम हाती घेणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

मधला बोल्ट
पाट्यांचा गठ्ठा एकत्र धरतो तो सेंटर बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बसतं आणि ॲक्सलला जागेवर ठेवतं. ढिल्या यू-बोल्टमुळे हा बोल्ट तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरपी चालायला लागते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं, चालवणाऱ्याला नंतर. काही गाड्यांत मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती दुसरा पाटाही गुंडाळलेला असतो. मुख्य पाटा घाटात तुटला तरी ॲक्सल निसटू नये, एवढ्यासाठी. फार शहाणी युक्ती आहे ही.

गॅसचा मोह टाळा
पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं असतं. ते लाल तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार करतात. त्यातून त्याला लवचीकपणा येतो. अडकलेली पिन सोडवण्यासाठी पाट्यावर गॅसची ज्योत धरली की तेवढ्या जागेचं पाणी उतरतं, आणि पुढे तिथेच पाटा बसतो किंवा तुटतो.

बुश हवेत आवळू नका
सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात. नवे रबरी बुश घातले, गाडी घोडीवर असतानाच नट कचकचून आवळले आणि मग चाकं जमिनीवर टेकवली. चाकं हवेत लोंबत असताना कमानीचा कोन वेगळा असतो. रबर त्या कोनात पकडलं गेलं, तर गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग दोष ‘डुप्लिकेट’ मालाला! नट आधी हातापुरते लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून दाबून दोन-चारदा हलवावी आणि मगच शेवटचं आवळावं. खर्च शून्य.

शॉकअपचा ताप
शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. ते काम कमानीचं. शॉकअप कमानीची उसळी आतल्या तेलात जिरवतो आणि तिची उष्णता करतो. म्हणून खराब रस्त्यावरून आल्याबरोबर दोन्ही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. एक कोमट आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला कामातून गेला. भारतात शॉकअप बनवणाऱ्या जुन्या नावांपैकी एक आपल्या मुंबईचं आहे: गॅब्रिएल इंडियाची सुरुवात 1961 मध्ये मुलुंडला झाली.

स्टिअरिंग का थरथरतं?
ठरावीक वेगाला खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातातून सुटेल असं हलायला लागलं, तर बरेच जण आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात. ते जरूर करावं, पण किंग पिन आणि टाय रॉडचे एंड तपासल्याशिवाय थांबू नये. चाक जॅकने उचला, चॅसीखाली घोडी लावा, चाक वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलेपणा गेला, तर चाकाची बेअरिंग ढिली आहे. तसाच राहिला, तर किंग पिन झिजली आहे. चुकीचा भाग विकत घेण्यापासून वाचवणारी ही दोन मिनिटांची तपासणी प्रत्येक जीपवाल्याला यायलाच हवी.

दुसरं कारण हौसेचं असतं. किंग पिन वरून किंचित मागे कललेली असते, म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं. जीप उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल घातल्या की हा कल कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. नुसत्या दिसण्यासाठी केलेला हा बदल घाटात धोक्याचा आहे. केलाच असेल, तर कमान आणि ॲक्सलच्या मध्ये योग्य कोनाची पाचर बसवून घ्या.

पाट्यांनंतर
2010 च्या थारमध्ये सीआरडीई इंजिनाच्या गाडीला पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार आले, म्हणजे पीळ घेऊन वजन तोलणारे पोलादी दांडे. डावा-उजवा दांडा अदलाबदल करून चालत नाही, कारण प्रत्येकाला एकाच दिशेच्या पिळाची सवय लावलेली असते. खोलण्याआधी खडूने खूण करून ठेवा.

कोणत्याही पिढीची गाडी असो, बुश, पिन, शॉकअप जोडीनेच बदला. एकच बाजू नवी केली तर गाडी ओढते. काढलेले जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरू नका. आणि नवे बसवल्यावर तीन-चारशे किलोमीटरांनी ते पुन्हा आवळून घ्या, तोरणमाळचा बेत त्यानंतरच ठेवा.