पोटातल्या बाळाला पट्टी कोणती?

गेज चुकीचा असेल तर चांगला जॉबसुद्धा रिजेक्ट होतो, हे आपण वर्कशॉपमध्ये शिकतोच. पोटातल्या बाळाचंही तसंच! सोनोग्राफीची मापं तक्त्याशी ताडून बघतात. पण तक्ता कुठला? नागपूर धरून आठ देशांतल्या शहरांत 'इंटरग्रोथ' अभ्यास झाला. २०१४ साली त्याने सांगितलं, की आई निरोगी आणि खाऊनपिऊन सुखी असेल, तर वंश कुठलाही असो, बाळाची वाढ जवळपास सारखीच. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतल्या अभ्यासात मात्र देशागणिक फरक दिसला! सगळ्यांना एकच तक्ता लावला, तर धडधाकट बाळ 'लहान' ठरू शकतं. आणि 'आपली बाळं लहानखुरीच' म्हटलं, तर आईची उपासमार झाकली जाते. म्हणूनच डॉक्टर एका मापावर न थांबता वाढीचा वेग आणि नाळेतला रक्तप्रवाहही पाहतात.