इसापूर : ४४१ मीटरपासून खाली

सप्टेंबर सरत आला की पुसद, उमरखेड, कळमनुरी, हदगाव, अर्धापूर या तालुक्यांत एकच विचारपूस सुरू होते. धरण किती झालं? बाजारात, एसटीत, कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर हाच प्रश्न कानावर येतो. विचारणाऱ्याच्या मनात धरण एकच असते, पैनगंगेवरचे इसापूर. समुद्रसपाटीपासून ४४१ मीटरवर पाणी टेकले की धरण शंभर टक्के भरले. त्या वर्षीचा गहू, हळद आणि ऊस पुष्कळसा या पातळीवर ठरतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पुसद तालुक्याच्या सीमेवर हे धरण आहे. डाव्या तीराला विदर्भ, उजव्या तीराला मराठवाड्यातला हिंगोली जिल्हा. मातीच्या बांधाची लांबी चार किलोमीटरहून थोडी जास्त, पायापासूनची उंची ५७ मीटर. १९८२च्या सुमारास धरण उभे राहिले आणि ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा मुख्य साठा तयार झाला. एकूण साठा साडेबाराशे दशलक्ष घनमीटरांच्या वर आहे. त्यातला जिवंत, म्हणजे वापरता येण्याजोगा साठा ९६४ दशलक्ष घनमीटर, टीएमसीत सांगायचे तर ३४. कार्यालयात आणि वर्तमानपत्रांत दशलक्ष घनमीटरालाच ‘दलघमी’ म्हणतात.

नुसत्या आकड्यावरून या पाण्याची कल्पना येणार नाही. २०११च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आहे. यातल्या प्रत्येकाला रोज १०० लिटर पाणी दिले आणि बाष्पीभवन बाजूला ठेवले, तर इसापूरचा जिवंत साठा साडेनऊ वर्षे पुरेल. हाच साठा उसाला द्यायचा ठरवला आणि हेक्टरी वीस हजार घनमीटर पाणी धरले, तर तो साधारण ४८ हजार हेक्टरांत एका हंगामात संपेल. तहान आणि शेती यांच्या गरजांत इतके अंतर आहे. जलाशयावरचे जवळपास सगळे वाद या अंतरातून उभे राहतात.

एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मोठे नैसर्गिक सरोवर का नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. जगातली खोल सरोवरे बहुतेक दोन कारणांनी झाली आहेत. जमीन फाटून खचली तिथे पाणी साठले, किंवा हिमनद्यांनी खडक कोरून काढले आणि बर्फ वितळल्यावर ते खड्डे भरले. सायबेरियातले बैकल पहिल्या प्रकारचे. त्याची खोली १,६४२ मीटर असून जगातल्या न गोठलेल्या गोड्या भूपृष्ठजलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या एकाच सरोवरात आहे. यवतमाळच्या मोठ्या भागाखाली आहे तो काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा. या पठारावर हिमनद्या आल्या नाहीत. नद्यांना उतार कापत वाट काढायला मात्र भरपूर काळ मिळाला, त्यामुळे पाणी साचून राहील असे खोलगट भाग उरलेच नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हा अपवाद उल्कापाताने घडवला, आणि तेही पाणी खारे निघाले.

म्हणून इथले प्रत्येक मोठे पाणी माणसाने अडवलेले आहे. पुसदजवळचे पूस, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातले बेंबळा, यवतमाळ शहरालगतची निळोणा आणि चापडोह. या सगळ्यांत इसापूर कितीतरी मोठे. बेंबळ्याचा जिवंत साठा १८४ दलघमी, अरुणावतीचा १७० आणि पूसचा ९१ आहे. तिन्ही एकत्र केले तरी इसापूरच्या निम्म्याच्या खालीच राहतात.

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते. वाशीम आणि हिंगोलीच्या हद्दीवरून वळणे घेत ती इसापूरला येते. पुढे यवतमाळ आणि नांदेडची सीमा आखत, सहस्रकुंडाचा कडा उतरून, चंद्रपूर जिल्ह्यात ती वर्धेला मिळते. मग प्राणहिता, मग गोदावरी. नदी पावसाळी आहे. वर्षभराचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरच्या मोजक्या जोरदार पावसांत येऊन जाते. ते तिथेच धरले नाही तर फेब्रुवारीपर्यंत पात्रात डबकी उरतात. जलाशय बांधण्यामागचा सगळा हिशोब हा आहे, चार महिन्यांचे पाणी बारा महिन्यांवर पसरायचे.

इथे खोलीला महत्त्व येते. यवतमाळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी दीड ते दोन मीटरचा थर वाफ होऊन जातो. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. म्हणून तेवढेच पाणी पसरट जलाशयात असले तर नुकसान जास्त, अरुंद आणि खोल जलाशयात कमी. पैठणचा नाथसागर साठ्याने इसापूरच्या दुपटीहून मोठा आहे, पण तिथल्या धरणाची उंची ४१ मीटर आणि पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर पसरते, त्यामुळे तिथल्या बाष्पीभवनाची चर्चा दर उन्हाळ्यात होते. उलट सह्याद्रीच्या अरुंद दरीत बसलेल्या कोयनेच्या धरणाची उंची १०३ मीटर आहे. इसापूर या दोहोंच्या मधले. बांधाजवळ खोल आणि वरच्या बाजूला, शेतांच्या चढांत शिरलेल्या फाट्यांमध्ये उथळ.

खोल पाणी आतून एकसारखे नसते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होतो आणि तरंगत राहतो. खालचा थर थंड आणि जड असतो. दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू खातो आणि नवा प्राणवायू वरून पोचत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वरचे पाणीही गार होऊन खाली बसते आणि सगळा जलाशय ढवळला जातो. तळातली पोषकद्रव्ये वर येतात, शेवाळ वाढते, पाठोपाठ मासळीचे खाद्य वाढते. पिण्याच्या पाण्याच्या चांगल्या योजनांत पाणी उपसायच्या विहिरीला वेगवेगळ्या पातळ्यांवर झडपा ठेवतात त्या याचसाठी, ज्या थराचे पाणी बरे त्या थरातून घ्यावे म्हणून.

मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांना हे थर अनुभवाने ठाऊक असतात. कुठल्या दिवसांत जाळे किती खोल सोडायचे हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या जलाशयांवर मासेमारीचा ठेका प्रामुख्याने सहकारी संस्थांकडे असतो आणि कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते. मरळ ही इथली मूळची मासळी, तिला भावही चांगला मिळतो. बाहेरून आलेली तिलापिया मात्र न बोलावता पसरते आणि स्थानिक माशांची जागा घेते. पाणी फार खाली गेले की मासे थोड्या जागेत कोंडले जातात. पकड सोपी होते आणि पुढच्या वर्षीची पैदास त्यातच जाते. धरणाच्या पातळीवर भोयांचाही संसार चालतो, पण पाण्याच्या वाटपाची चर्चा होते तेव्हा त्यांचे नाव क्वचितच निघते. ते निघायला हवे.

ऑक्टोबरनंतर पाणी उतरू लागते. दोन कालवे निघतात. डावा उमरखेडच्या दिशेने जातो, उजवा कळमनुरी, हदगाव, अर्धापूर करत नांदेडच्या बाजूला. प्रकल्पाचे लाभक्षेत्र लाखभर हेक्टरांहून मोठे असून ते यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड अशा तीन जिल्ह्यांत आहे. उमरखेड भागात या पाण्यावर ऊस आणि हळद वाढली, पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखानाही याच भागातला. अर्धापूरची केळी दूरच्या बाजारांत जाते, तिला उजव्या कालव्याचा आधार. उरलेले यवतमाळ म्हणजे कोरडवाहू कापूस, तूर आणि सोयाबीन. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांचे आयुष्य कालव्याच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावर वेगळे झालेले इथे दिसते.

कालव्याचे पाणी आवर्तनाने सुटते. पाळी आली की चारीला पाणी येते, पण वरच्या भागात जास्त उचलले गेले आणि अस्तरीकरण फुटलेले असले तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत ओलसुद्धा पोचत नाही. २००५च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची व्यवस्था आणली. ती जिथे नीट चालते तिथे शेवटच्या शेतकऱ्याला पाळीची तारीख आधी कळते. जिथे चालत नाही तिथे रात्री-अपरात्री दार फिरवण्यावरून भांडणे होतात.

पाणी जसजसे मागे सरते तसतशी काठावरची जमीन उघडी पडते. तिच्यावर गाळाचा ताजा थर असतो आणि खाली ओल टिकून असते. या गाळपेर जमिनीवर हरभरा, गहू, टरबूज, भाजीपाला घेतला जातो. खत नाही, पाण्याची मोटर नाही, पण धोका आहे. अवकाळी पाऊस झाला किंवा वरून पाणी आले तर उभे पीक बुडते. अशी जमीन भाडेपट्ट्याने देताना ज्यांची शेते धरणात गेली त्यांना आधी द्यावी ही मागणी जुनी आहे आणि न्यायाची आहे. पुसद तालुक्यासह वाशीम आणि हिंगोली जिल्ह्यांतली कसदार काळी जमीन या पाण्याखाली गेली. बुडीत क्षेत्र एकीकडे आणि लाभक्षेत्र बरेचसे दुसरीकडे, हे शल्य इथल्या लोकांच्या बोलण्यात आजही जाणवते.

हिवाळ्यात याच उघड्या, चिखलट काठांवर पक्षी उतरतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मोठ्या जलाशयांवर चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब दिसतात. इसापूरच्या सुमारे ३८ चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. पक्ष्यांना हवी असते ती उथळ किनार, शेतकऱ्याला हवी असते तीच गाळपेरीची पट्टी. दोघांचे जमवायला कुठे पेरायचे आणि कुठे नाही याची आखणी काठावरच्या गावांना बरोबर घेऊन करावी लागेल.

मार्च उजाडला की मागणीचा सूर बदलतो. धरणाखालच्या पात्रात पाणी उरत नाही, सहस्रकुंडाचा धबधबा कोरडा पडतो आणि दोन्ही काठांवरची गावे, विदर्भातली आणि मराठवाड्यातली, नदीत पाणी सोडा म्हणून निवेदने देतात, प्रसंगी आंदोलने करतात. नांदेडला पाणी पुरवणाऱ्या विष्णुपुरी प्रकल्पाचा साठा तळाला गेला की त्या शहरासाठीही इसापूरचे पाणी कालव्यावाटे आसना नदीत सोडावे लागले आहे. नियमाने पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क आहे. पण कोरड्या पात्रातून पाणी सोडले की वाळू आधी पिते, वाटेतले पंप मग पितात आणि उरलेले गावाच्या विहिरीला मिळते. एप्रिलमधल्या कोरड्या पात्रात सोडण्यापेक्षा पात्र ओले असताना, लवकर आणि ठरावीक अंतराने पाणी सोडले तर तेवढ्याच साठ्यात जास्त गावे भागतील.

यवतमाळ शहराची गोष्ट याहून वेगळी. शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि इसापूर त्याच्यापासून फार दूर. शहराची भिस्त निळोणा आणि चापडोह या लहान तलावांवर होती. २०१७चा पाऊस कमी झाला आणि २०१८च्या उन्हाळ्यात दोन्ही तळाला गेले. लोकांनी आठवडेच्या आठवडे नळाची वाट पाहिली, टँकरमागे रांगा लावल्या. लहान तलाव एका वाईट पावसाळ्यात हात टेकतो, मोठा जलाशय एखादे वर्ष झेलू शकतो. शहरासाठी बेंबळ्यावरून पाणी वर चढवण्याची योजना आखली गेली ती याच कारणाने. ते पाणी पठारावर चढवायला लागणारी वीज हा शहराच्या पाणीपट्टीतला कायमचा खर्च झाला.

भरलेल्या धरणाला पुराचीही बाजू असते. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी मोठी बचावमोहीम राबवावी लागली. असा पाऊस धरणाच्या वर, आणि धरण काठोकाठ असताना झाला तर आलेले सगळे पाणी सांडव्यावरून सोडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धरण कुठपर्यंत भरू द्यायचे याचे वेळापत्रक असते. अधिकाऱ्याला रोज ठरवावे लागते. जागा रिकामी ठेवावी तर सप्टेंबरचा पाऊस रुसण्याची भीती, भरून घ्यावे तर खालच्या गावांना धोका.

पैनगंगेवर खाली, यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवर, निम्न पैनगंगा हे आणखी एक मोठे धरण प्रस्तावित आहे. तेलंगणाचाही त्यात वाटा आहे. बुडीत क्षेत्रातली गावे वर्षानुवर्षे त्याला विरोध करत आली आहेत. ज्यांनी इसापूरच्या विस्थापितांचे हाल पाहिले त्यांना मोबदल्याच्या आश्वासनावर विश्वास ठेवा असे सांगणे अवघड आहे. नव्या भिंतीआधी जुन्या कालव्यांची गळती थांबवली, तर किती पाणी हाती येते हे आधी मोजले पाहिजे.

तूर्तास इसापूरचे पाणी ठरते ते पावसाळ्यानंतरच्या हिशोबात. १५ ऑक्टोबरचा साठा मोजला जातो, पिण्यासाठीचा आरक्षित भाग आणि बाष्पीभवन वजा केले जाते. मग कालवा सल्लागार समितीत रब्बीची आणि उन्हाळ्याची किती आवर्तने द्यायची ते ठरते आणि शेतकऱ्यांकडून नमुना नंबर सातचे पाणी अर्ज मागवले जातात. हा ताळेबंद, मीटरनिहाय आणि गावनिहाय, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला फारसा खर्च येणार नाही. टेलच्या शेतकऱ्याला हरभरा पेरायचा की गहू हे त्या कागदावरून पेरणीआधी ठरवता येईल.